समुद्रतळाच्या चिखलातले पॉलिकीट : नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकमध्ये प्राणिशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात मुलांना घेऊन त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणूकडे उतरते आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात पॉलिकीट शोधत वाकून बसते. परत आल्यावर पालक विचारतात, गांडूळखत करणारे शेतकरी विचारतात, नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जाणारी मंडळी विचारतात. फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

पॉलिकीट म्हणजे नेमका कोणता प्राणी?

दहावीच्या विज्ञानात वलयी प्राणी संघाची उदाहरणं पाठ केली होती, ती आठवा: गांडूळ, जळू, नेरीस. गांडूळ आणि जळू सगळ्यांनी पाहिलेले असतात. नेरीस मात्र परीक्षेपुरता लक्षात राहतो आणि नंतर विसरला जातो. हा नेरीस म्हणजे पॉलिकीट.

त्याचं शरीर गांडुळासारखंच वलयांचं असतं, पण प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंनी मांसल वल्ह्यासारखा एकेक अवयव असतो. पाठ्यपुस्तकात त्याला परापाद म्हटलं आहे. या परापादांतून राठ, ताठ केसांचे झुबके बाहेर आलेले असतात, ते दृढरोम. ते कायटिनचे असतात, म्हणजे किड्यांच्या आणि खेकड्यांच्या कवचात जे द्रव्य असतं त्याचेच. चालणं, पोहणं, बिळात पाय रोवून बसणं ही कामं या दोन अवयवांच्या जोरावर होतात. अनेकांना डोळे असतात, स्पर्शिका असतात, काहींना जबडेही असतात.

‘कीट’ म्हणजे कीटक ना?

नाही. हा घोळ दरवर्षी होतो. इथला ‘कीट’ ग्रीक भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ लांब केस. ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ. थोडक्यात, पुष्कळ केसांचा. संस्कृतातल्या कीटकाशी त्याचं नातं नाही, आणि कीटकांना असतात तसे सांध्यांचे पायही याला नसतात.

मराठी शब्द शोधायला गेलं तर अडचणच होते. अळी म्हटलं की पुढे तिचं फुलपाखरू किंवा भुंगा होणार असं वाटतं. जंत म्हटलं की पोट आठवतं. म्हणून मी सरळ पॉलिकीट म्हणते.

मग हा गांडुळाचा लांबचा भाऊ म्हणायचा का?

लांबचा नाही, आणि भाऊही नाही. जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यापासून चित्र उलटं झालं आहे. पूर्वी वलयी प्राण्यांचे तीन वेगळे गट मानायचे: पॉलिकीट, गांडूळ, जळू. आता स्पष्ट झालंय की गांडूळ आणि जळू ही पॉलिकीटांच्याच वंशवृक्षावर फुटलेली एक फांदी आहे. समुद्रातल्या केसाळ पूर्वजांपैकी काहींचे वंशज गोड्या पाण्यात आणि मातीत आले. परापाद गेले, दृढरोम तेवढे थोडे उरले. गांडुळाच्या पोटावरून बोट उलट्या दिशेने फिरवलं की खरखर जाणवते ना, तेच ते.

गांडुळाला कुणी काडू म्हणतं, कुणी दानवे, कुणी शिदोड. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतल्या गांडूळखताच्या बेडमध्ये हात घातलात, तर समुद्रतळाच्याच एका जुन्या घराण्याला हात लावलात असं समजा. वंश किती जुना? पॉलिकीटांचे जीवाश्म ५० कोटी वर्षांहून अधिक जुन्या खडकांत सापडले आहेत. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, ब्रह्मगिरी आणि पांडवलेणी ज्यात आहेत तो, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. त्या लाव्ह्याच्या आधीही हे प्राणी कोट्यवधी वर्षं समुद्राच्या तळाशी चिखल उपसत होते.

त्यांचे प्रकार किती?

शास्त्रज्ञांनी आजवर नाव देऊन नोंदवलेल्या जाती अकरा ते बारा हजारांच्या घरात आहेत, कुळं ८० च्या आसपास. दरवर्षी नव्या जातींची भर पडते. भारतासाठी पायाभूत काम केलं फ्रेंच संशोधक पिएर फोव्हेल यांनी. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, ब्रह्मदेश आणि मलायाच्या पॉलिकीटांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये निघाला आणि तो अजूनही टेबलावर उघडा लागतो.

पण आकडा ऐकून त्यांच्यातलं वैविध्य कळत नाही. जगण्याच्या तऱ्हा पाहिल्या की कळतं. ग्लायसेरा नावाचा शिकारी सोंड बाहेर फेकतो. तिच्या टोकाला चार जबडे असतात, त्यात तांबं असतं आणि विषाची सोयही असते. नेरीसच्या जबड्यात जस्त असतं. सॅबेला हा नळीतून पिसांचा पंखा बाहेर काढतो आणि पाण्यातले कण गाळून खातो. माणसाची सावली पडली की पंखा क्षणात आत. हायड्रॉइडीस चुन्याची नळी बांधतो आणि जहाजांच्या तळाला इतका चिकटतो की बोटवाल्यांना तो खरवडून काढावा लागतो. सॅबेलेरिया वाळूचे कण चिकटवून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वसाहत उभारतो. युरोपातली सगळ्यात मोठी अशी वसाहत फ्रान्सच्या माँ-साँ-मिशेल उपसागरात आहे.

पश्चिम किनाऱ्यावर मला सगळ्यात आवडतो तो डायोपॅट्रा. चिखलातून बोटभर उंचीची नळी वर आलेली दिसते, टोकाशी छत्रीच्या दांड्यासारखी वाकलेली. नळीला बाहेरून शिंपल्यांचे तुकडे, तिवराच्या, म्हणजे खारफुटीच्या, पानांचे देठ, शेवाळ असं काय काय डकवलेलं असतं. गेल्या वर्षी एका नळीवर निळ्या नायलॉन जाळ्याचा धागा होता, अगदी नीट विणून बसवलेला. धरायला गेलं की मालक खोल उतरलेला असतो, हाती फक्त नळी येते. म्हणून आता नळी उपटायची नाही असा आमच्या सहलीचा नियम आहे. त्या नळ्यांच्या आडोशाला कितीतरी बारीक जीव राहतात.

आकारही असाच. काही पूर्ण वाढलेले पॉलिकीट मिलिमीटरभरही नसतात, तर युनिस अफ्रोडिटॉइस तीन मीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे.

समुद्रतळावर ते करतात तरी काय?

मला विचाराल तर या पानावरचा मुख्य प्रश्न हाच. समुद्रतळाचा बहुतेक भाग खडक नाही आणि प्रवाळही नाही. तो गाळ आहे. मऊ चिखल, रेती, दोन्हींचं मिश्रण. या गाळात राहणारे, डोळ्यांनी दिसण्याइतके प्राणी वेगळे केले, तर त्यात संख्येने आणि जातींनी बहुधा पॉलिकीटच आघाडीवर असतात. अनेक ठिकाणी निम्म्याहून जास्त तेच.

आता चिखलाचा एक तुकडा जवळून बघू. फावड्याने खाजणातला, म्हणजे भरतीचं पाणी चढतं-उतरतं अशा सखल जागेतला, चिखल उभा कापला की वरचा थोडासा थर तपकिरी दिसतो, त्याखाली काळा. तपकिरी भागात प्राणवायू पोचतो. काळ्या भागात पोचत नाही. तिथे लोखंड गंधकाशी संयोग पावून काळं झालेलं असतं, आणि नाकाला सडक्या अंड्याचा वास येतो. पण नीट पाहिलं तर त्या काळ्या भागातही मधूनमधून गंजाच्या रंगाच्या उभ्या रेघा दिसतात. पेन्सिलीने ओढल्यासारख्या. त्या पॉलिकीटांच्या बिळांच्या भिंती आहेत. बिळात बसलेला प्राणी अंग लाटेसारखं हलवत राहतो, वरचं ताजं पाणी आत खेचतो, वापरलेलं बाहेर टाकतो. त्यामुळे बिळाच्या भिंतीपर्यंत प्राणवायू पोचतो आणि तिथलं लोखंड गंजतं. प्राणवायूवाला चिखल फक्त पृष्ठभागावर राहायचा, तो या बिळांमुळे खोलवर शिरतो.

त्या भिंतींवर वेगवेगळे जिवाणू वस्ती करतात. पृष्ठभागावरून खाली पडलेलं मेलेलं शेवाळ, विष्ठा, पानं यांचं विघटन होतं. नत्र आणि स्फुरद परत पाण्यात मिसळतं आणि वरच्या वनस्पतिप्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, खत मिळतं. नत्राचा काही भाग वायू होऊन निघून जातो, म्हणजे समुद्रावरचा जादा खताचा भार हलका होतो. कार्बनचा काही अंश खोल गाडला जातो.

शिवाय खाणं. गाळ खाणाऱ्या जाती खालचा चिखल गिळून त्याची विष्ठा वर टाकतात. युरोपच्या किनाऱ्यावर अरेनिकोला वाळूवर शेवयांच्या गुंडाळीसारखी ढिगली टाकतो. गांडूळ शेतात करतं तीच ही मशागत, फक्त पाण्याखाली, आणि पृथ्वीचा फार मोठा भाग व्यापणाऱ्या तळावर. कोण काय खातं याची पहिली मोठी मांडणी फॉखाल्ड आणि जुमार्स यांनी १९७९ मध्ये केली. गाळ खाणारे, पाणी गाळणारे, शेवाळ खरवडणारे, शिकारी, सगळे एकाच फुटभर चौकोनात सापडू शकतात. ते पॉलिकीट नाहीसे झाले तर चिखल आतून कोंदतो.

नाशिकपासून समुद्र लांब. आपला संबंध काय?

गोदावरी त्र्यंबकला उगम पावते. तिथून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरच्या आसपास आहे, तरी ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर जाते आणि आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. पण त्याच त्र्यंबकच्या डोंगरात वैतरणा उगम पावते आणि पश्चिमेला उतरून अर्नाळ्याजवळ अरबी समुद्रात जाते. दमणगंगा दिंडोरी तालुक्यात निघते आणि दमणला पोचते. गिरणा नाशिक जिल्ह्यातूनच निघते आणि तापीला मिळून सुरतेकडे. एवढ्या नद्या दोन वेगळ्या समुद्रांना पाठवणारे जिल्हे थोडे असतील.

नदी पाणी नेते तशी गाळ नेते आणि त्या गाळासोबत पाला, माती, शेतात टाकलेलं खत, शहराचं सांडपाणी. मुखाशी हे सगळं तळाला बसतं आणि त्याला पहिलं तोंड लावणाऱ्यांत पॉलिकीट असतात. धरणं झाल्यापासून गोदावरीच्या मुखाशी पोचणारा गाळ घटला आहे. म्हणजे तळावर काय पडतं, किती पडतं आणि कुठे पडत नाही, हे वरच्या माणसांच्या वागण्यावरही ठरतं. रामकुंडावर उभं राहून हे आठवावं, एवढंच मी मुलांना सांगते.

आम्ही मासे खातो. पॉलिकीटांचा त्याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. लेपा घ्या, दोन्ही डोळे एका बाजूला असलेला चपटा मासा. मलबार किनाऱ्यावरच्या लेप्याच्या पोटात मुख्यतः पॉलिकीट सापडतात. कोळंबी आणि खेकडे ते खातात. इतर तळमासेही खातात. कोळंबीच्या हॅचरीत अंडी देणाऱ्या माद्यांना पॉलिकीट मुद्दाम खाऊ घालतात, कारण अंडी पोसायला लागणारी मेदाम्लं त्यात भरपूर असतात. नाशिकच्या बाजारात बर्फात ठेवलेली कोळंबी विकत घेताना ती कुठल्या तळावर जगली होती हा विचार करून बघा.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्ष्यांना हे खायला मिळतात का?

तिथे समुद्री पॉलिकीट नाहीत. ते पाणी गोडं आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा तो जलाशय महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथल्या चिखलात गोड्या पाण्यातले वलयी प्राणी आणि डासांसारख्या माश्यांच्या अळ्या असतात.

पण तुम्ही दुर्बिणीतून ज्या लांब चोचीच्या पाहुण्यांकडे बघता, गॉडविट असो की तुतारी, त्यांच्या भाऊबंदांचे थवे किनाऱ्यावरच्या खाजणांत उतरतात आणि तिथे चिखलात चोच खुपसून पॉलिकीट ओढून काढतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्शाची जाण असते, आणि बऱ्याच जातींना चोच न उघडता फक्त तिचं टोक उघडता येतं. न बघता, चिखलाच्या आत, हलणारा जीव नेमका पकडायचा. ठाणे खाडीच्या काठावर एकदा तासभर हे बघत उभी होते. भरती गुडघ्याला लागली तेव्हा भान आलं.

समुद्र प्रदूषित झालाय हे ते कसं सांगतात?

पळून जाता येत नाही म्हणून. मासा दुसरीकडे जाईल. बिळातला पॉलिकीट जे येईल ते सोसतो किंवा मरतो. त्यामुळे पाण्याच्या एका बाटलीतून त्या दिवसाची स्थिती कळते, चिखलातल्या प्राण्यांवरून मागच्या कित्येक महिन्यांची.

सांडपाणी सुटतं तिथे तळावर सेंद्रिय घाण साचते आणि ती कुजताना प्राणवायू संपतो. आधी नाजूक जाती जातात, मोठ्या, सावकाश वाढणाऱ्या, खोल बिळं करणाऱ्या. मग छोट्या, लवकर वाढणाऱ्या, झटपट पिलं देणाऱ्या जाती लाखोंनी माजतात. त्यात सगळ्यात प्रसिद्ध कॅपिटेला कॅपिटाटा, लाल दोऱ्यासारखा. शेवटी फारच घाण झाली तर तोही उरत नाही. ही पायरीपायरीची मांडणी पिअर्सन आणि रोझेनबर्ग यांनी १९७८ मध्ये केली आणि आजही जगभर वापरली जाते. तिच्याच धर्तीवर पुढे ॲम्बी नावाचा निर्देशांक आला. त्यात जातींचे पाच गट पाडतात, अगदी संवेदनशील ते घाणीत फोफावणारे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. कॅपिटेला कॅपिटाटा ही एकच जात समजली जायची. १९७६ मध्ये ग्रासल दांपत्याने दाखवलं की अमेरिकेच्या एकाच किनाऱ्यावर त्या नावाखाली निदान सहा वेगळ्या जाती आहेत. दिसायला जवळजवळ सारख्या, पण पिलं वाढवण्याच्या तऱ्हा वेगळ्या. म्हणून ‘कॅपिटेला सापडला, पाणी घाण’ असं एका ओळीत म्हणू नये. किती सापडले, सोबत कोण होतं, गाळ कसला होता, कुठला ऋतू होता, हे सगळं लागतं.

अरबी समुद्रात प्राणवायू कमी आहे म्हणतात. मग तिथे हे जगतात कसे?

अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसल्यासारखा आहे. जिथे हा पट्टा उताराला टेकतो तिथला तळही घुसमटलेला. शिवाय पावसाळ्यात आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यालगत खालचं कमी प्राणवायूचं पाणी वर सरकतं, तेव्हा उथळ तळालाही काही महिने श्वास घेणं कठीण होतं.

अशा जागी जाती थोड्या उरतात, पण ज्या उरतात त्यात पॉलिकीट पुढे असतात. स्पायोनिड कुळातले काही बारीक पॉलिकीट फांद्या फुटल्यासारखे मोठे कल्ले घेऊन तिथे तग धरतात. काहींचं रक्तही कामाला येतं. अरेनिकोलाच्या रक्तातला लाल रेणू एवढा अवाढव्य असतो की तो १५६ प्राणवायू रेणू धरतो. माणसाचं हिमोग्लोबिन चार. प्रत्यारोपणासाठी काढलेले अवयव टिकवायला तो रेणू वापरण्याचं काम फ्रान्समध्ये झालं आहे.

त्यांची पिलं कशी होतात?

एरवी बिळात दडलेला नेरीस विणीच्या काळात बदलतो. डोळे मोठे होतात, परापाद पसरट होऊन पोहण्याजोगे होतात, आणि तो तळ सोडून पृष्ठभागावर येतो. तिथे नर-माद्यांची झुंबड उडते, अंडी आणि शुक्रबीजं पाण्यात सुटतात आणि मोठे बहुधा मरून जातात. अंड्यातून निघणारा डिंभ, म्हणजे अगदी लहान पिलू, भोवऱ्यासारखा फिरत प्रवाहाबरोबर वाहतो, योग्य गाळ सापडला की बसतो.

सामोआ बेटांवर पालोलो नावाचा पॉलिकीट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कृष्ण पक्षाच्या अष्टमीच्या सुमारास वर येतो. त्याचं डोकं दगडातच राहतं, अंड्यांनी भरलेला मागचा भाग तेवढा सुटून पोहतो, आणि तिथले लोक रात्री जाळ्या घेऊन तो गोळा करतात, खातात. चंद्रकलेवर सण ठरवणाऱ्या आपल्या माणसांना हे पटकन समजतं.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला रॅमिसिलिस नावाचा एक आहे. स्पंजाच्या आत एकच डोकं आणि शरीराला झाडासारख्या फांद्या फुटून शेकडो शेपट्या. २०१२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं.

खूप खोल समुद्रातही आहेत?

आहेत, आणि तिथे त्यांनी तोंड आणि पोटच सोडून दिल्याची उदाहरणं आहेत. १९७७ मध्ये गालापागोसजवळ तळातून उष्ण पाणी बाहेर पडणाऱ्या जागी दोन मीटरपर्यंत वाढणारे नळीवाले रिफ्टिया सापडले. त्यांच्या अंगात जिवाणू राहतात आणि गंधकाच्या संयुगांवर अन्न बनवतात. उन्हाचा तिथे पत्ताच नाही. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, सुमारे २,९०० मीटर खोल, मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर ऑसेडॅक्स सापडला. तो मुळांसारखे धागे हाडात घालून हाडं खातो. त्याचे नर मादीच्या नळीत राहतात, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावेत एवढे.

त्यांना धोका कशाचा?

तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्याचा सगळ्यात आधी. नळ्या मोडतात, बिळं बुजतात, आणि मोठ्या जातींना परत वसायला वेळ लागतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी, पण तळालाही तेवढी उसंत मिळते. मग भराव, बंदरांचं ड्रेजिंग, सांडपाणी.

आणि पुढे येऊ घातलेला धोका खोल समुद्रातल्या खाणींचा. मध्य हिंद महासागरात धातूंच्या गोळ्यांच्या शोधासाठी भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे, सुमारे पाच हजार मीटर खोल. तळ ढवळला तर काय होतं हे बघायला १९९७ मध्ये तिथे भारताने प्रयोगही केला. त्या काळोखातल्या गाळातही पॉलिकीट हे मुख्य रहिवासी आहेत. धातूंची गरज मी नाकारत नाही. पण कोण राहतं याची पूर्ण यादी हातात नसताना जागा खणायला घेणं मला मान्य नाही.

ते मोजतात कसे?

बोटीतून ग्रॅब नावाचा लोखंडी जबडा तळाला सोडतात. तो चिखलाचा ठरलेला घास घेऊन वर येतो. खाजणात फावडं आणि चौकट पुरते. मग चाळण. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर चिखल ठेवून वरून समुद्राचं पाणी हळूहळू ओतायचं. जोर लावला की प्राणी तुटतात. सुरुवातीला फक्त करडं पाणी वाहतं, हात थंड पडतात, काहीच नाही असं वाटतं. मग जाळीवर शिंपल्यांचा चुरा, तिवराची मुळं, नळ्यांचे तुकडे उरतात आणि त्यातून एक लाल दोरा आपणहून वळतो.

पहिल्यांदा हे पाहणाऱ्या मुलीचा चेहरा मला दरवर्षी नव्याने आठवतो. नंतर तोच प्राणी डिशमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की परापादांची लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना दिसते आणि पाठीवरच्या नळीतून लाल रक्त ठोके देत पुढे सरकताना दिसतं. नमुने ठेवायचे झाले तर फॉर्मॅलिन आणि रोझ बेंगॉल नावाचा रंग. त्याने प्राणी गुलाबी होतात, चुऱ्यातून वेचायला सोपे जातात. मग ओळख पटवायची ती दृढरोमांवरून. एक केस सरळ की आकडेदार, एवढ्यावर जात बदलते.

चावतात का?

मोठा नेरीस किंवा ग्लायसेरा हातात घट्ट धरला तर चावू शकतो. जास्त जपायचं ते अग्निकृमी नावाच्या पॉलिकीटांपासून. त्यांचे पांढरे दृढरोम काचतंतूंसारखे ठिसूळ असतात, कातडीत घुसून मोडतात. एकदा दगड उलटताना माझ्या करंगळीला लागले. चिकटपट्टीने ओढून काढले तरी रात्रीपर्यंत आग होत होती. दगडाखाली हात घालायचा नाही, हातमोजे घालायचे. दम लागला, सूज पसरली तर डॉक्टरांकडे.

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडांतून केसाळ किडे निघालेत. मारू का?

बहुतेक वेळा मारू नका. ते उरलेलं खाद्य आणि मेलेलं खातात, टाकी साफ ठेवतात. फार वाढले तर तुम्ही खाद्य जास्त टाकताय. हाताने मात्र धरू नका, चिमटा वापरा.

गांडूळखताच्या बेडमध्ये समुद्रातले पॉलिकीट सोडले तर?

मरतील. तिथे खताचं गांडूळ, आयसेनिया फेटिडाच हवा.

नाशिकमध्ये घरबसल्या काही बघता येईल?

हो. मत्स्यालयाच्या दुकानात ट्युबिफेक्स मिळतो, माशांचं जिवंत खाद्य म्हणून. तो गोड्या पाण्यातला वलयी प्राणी, पॉलिकीटांच्या त्याच गोड्या पाण्यात आलेल्या फांदीवरचा. काचेच्या उभ्या बरणीत चार बोटं तळ्याचा बारीक गाळ घाला, वर विटेच्या भुकटीचा पातळ थर द्या, हळूच पाणी भरा. गाळ बसला की चिमूटभर ट्युबिफेक्स सोडा आणि बरणी सावलीत ठेवा. ते डोकं खाली खुपसून बसतात, शेपट्या वर हलत राहतात. खालचा गाळ खातात, विष्ठा वर टाकतात. काही आठवड्यांत विटेचा लाल थर तुमच्या डोळ्यांदेखत खाली जाईल. तो खाली गेलेला नसतो, त्याच्यावर माती आलेली असते. बरणीला बाहेरून पट्टी चिकटवून दर रविवारी खूण करा.

किनाऱ्यावर बघायचे तर कधी जावं?

हिवाळ्यात, आणि अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब ओसरतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, गेलात तर अर्धा चिखल पाण्याखालीच राहील. वेळेसाठी जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, म्हणून पूर्ण ओहोटी साडेआठच्या सुमारास. हा मुंबईकडचा ढोबळ अंदाज, निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच.

द्वितीया-तृतीया आम्हाला सोयीची पडते. नाशिकहून पहाटे तीनला निघालं तर उजाडताना किनाऱ्यावर पोचता येतं आणि पाणी उतरत असताना त्याच्या मागोमाग चालता येतं. दगड उलटला तर जसा होता तसाच ठेवायचा, खालची बाजू खाली. तिवरात पाय द्यायचा नाही. चिखल मांडीपर्यंत घेतो, म्हणून एकट्याने शिरू नका आणि तिथल्या कोळ्यांना विचारूनच पुढे जा. पाणी वळलं की लगेच परत फिरायचं, समोर कितीही चांगली नळी दिसत असली तरी.